सप्टेंबरचा नीलम आणि सासूबाईंचा शनी

प्रश्न: ताई, माझी लेक येत्या सप्टेंबरमध्ये अठरा वर्षांची होतेय. माटुंग्याला कॉलेजात जाते. तिला वाढदिवसाला बर्थस्टोनचं पेंडंट हवंय, म्हणजे सप्टेंबरचा सफायर. भिशीचे पैसे मी त्यासाठीच बाजूला ठेवलेत. सासूबाईंना हे कळल्यापासून घरात तंग वातावरण आहे. ‘नीलम? आणि पत्रिका न दाखवता? शनीचं रत्न आहे ते, होत्याचं नव्हतं करतं,’ असं त्या म्हणतात. त्यांच्या गुरुजींनी मुलीची रास मेष म्हणून पोवळं सांगितलंय. आमचे हे म्हणतात, दोन्ही थोतांड, सोन्याचं नाणं घे आणि मोकळी हो. मी झवेरी बाजारात चक्कर मारून आले, तर सारख्याच आकाराच्या दोन निळ्या खड्यांच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक! दुकानदार हीटेड, अनहीटेड, रती असं काय काय बोलत होता, मला काही कळलं नाही. खरं रत्न कुठलं, महिन्याचं की राशीचं? आणि घ्यायचंच तर फसायचं कसं नाही?
एक आई, मुलुंड पूर्व

उत्तर: आधी सासूबाईंची बाजू घेते, कारण तुमच्या घरात ती घेणारं कोणी दिसत नाही. नीलमाची धास्ती त्यांनी मनाने उभी केलेली नाही. आपल्याकडे नवग्रहांची नवरत्नं पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत. सूर्याचं माणिक, चंद्राचा मोती, मंगळाचं पोवळं, बुधाचा पाचू, गुरूचा पुष्कराज, शुक्राचा हिरा, शनीचा नीलम, राहूचा गोमेद आणि केतूचा लसण्या. मेष राशीचा स्वामी मंगळ, म्हणून गुरुजींनी पोवळं सांगितलं; हिशोब सरळ आहे. बाकीच्या आठ रत्नांबद्दल लोक मोकळेपणाने बोलतात, नीलमाचं नाव निघालं की आवाज खाली येतो. घेण्याआधी तीन रात्री उशाखाली ठेवायचा, स्वप्नं कशी पडतात ते बघायचं, वाईट काही घडलं तर सराफाला परत करायचा, ही रीत गिरगावापासून डोंबिवलीपर्यंत घरातल्या मोठ्या माणसांना ठाऊक असते. नीलम घालून बुडालेल्या कोणा ओळखीच्या माणसाची गोष्टही प्रत्येकाकडे असते. नीलम न घालता बुडालेल्यांची गोष्ट कोणी सांगत नाही, पण ते असो.

आता लेकीची यादी, म्हणजे जन्ममहिन्यावरून रत्न ठरवणारी. ती इन्स्टाग्रामवर जन्मलेली नाही, हे सासूबाईंना सांगायला हरकत नाही. तिचं मूळ ज्यूंच्या धर्मग्रंथात आहे. मोशेचा भाऊ अहरोन हा मुख्य याजक. त्याने छातीवर घालायच्या ऊरपटात तीन-तीनच्या चार ओळींत बारा रत्नं जडवलेली होती, इस्राएलच्या बारा वंशांची बारा. पहिल्या शतकात जोसेफस या ज्यू इतिहासकाराने त्या बारांचं नातं वर्षाच्या बारा महिन्यांशी आणि राशिचक्राशी जोडलं. पाचव्या शतकात संत जेरोमने त्याचीच री ओढली. पुढे युरोपातले ऐपतदार लोक बाराही रत्नं बाळगायचे आणि महिना पालटला की खडा पालटायचे. आपल्या जन्ममहिन्याचं एकच रत्न कायम अंगावर ठेवायची चाल अठराव्या शतकात पोलंडमध्ये पडली आणि ती तिथल्या ज्यू रत्नव्यापाऱ्यांमुळे, असं जॉर्ज फ्रेडरिक कुन्झ या अमेरिकन रत्नतज्ज्ञाने 1913 साली नोंदवलं आहे.

याच कुन्झने निरनिराळ्या लोकांच्या जुन्या याद्या शेजारी-शेजारी मांडल्या. त्या लेकीला जरूर दाखवा. जुन्या बहुतेक याद्यांत सप्टेंबरला क्रिसोलाइट नावाचा पिवळट हिरवा खडा आहे आणि नीलम चक्क एप्रिलमध्ये! बरं, अगदी प्राचीन ग्रंथांतला ‘सफायर’ म्हणजे आजचा नीलम नव्हेच. सोनेरी ठिपके असलेला निळा दगड असं त्याचं वर्णन येतं, आणि ते लाजवर्दाला, म्हणजे लॅपिस लझुलीला, लागू पडतं. नीलम सप्टेंबरात येऊन बसला तो 1912 साली, अमेरिकेतल्या जवाहिऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेने सगळ्या दुकानांसाठी एकच यादी ठरवली तेव्हा. तीही स्थिर राहिली नाही. 1952 मध्ये जूनला अलेक्झांड्राइट आणि नोव्हेंबरला सिट्रीन मिळाला. टांझानाइट तर टांझानियात सापडलाच 1967 साली, आणि 2002 मध्ये त्याला डिसेंबरात जागा करून दिली. 2016 मध्ये ऑगस्टला स्पिनेल आला. एप्रिलला मात्र अजून एकटा हिराच आहे. एप्रिलमध्ये मुलं झालेल्या आईबापांचा विचार कोणत्याही संघटनेने केलेला नाही.

यात व्यापार आहे, यात शंका नाही. पण अक्षय्य तृतीयेच्या पानभर जाहिराती तरी कोण देतं? सराफच देतात, आणि तरीही आपण गुंजभर सोनं घेऊन येतोच. व्यापाऱ्यांनी पक्की केलेली चाल म्हणून लेकीच्या हौसेला नावं ठेवायचं कारण नाही.

तर खरं रत्न कुठलं? या दोन याद्या एकमेकींना ओळखतसुद्धा नाहीत. 1912 साली सप्टेंबरपुढे सफायर लिहिणाऱ्यांच्या मनात शनी नव्हता, साडेसाती नव्हती, कोणाची पत्रिका नव्हती. इंग्रजी महिना पाहायचा आणि खडा घ्यायचा, एवढंच. आपल्याकडे चंद्ररास, लग्नरास, ग्रहाचं बळ, दशा असं सगळं पाहून रत्न ठरवतात. त्यामुळे एका यादीतला खडा उचलायचा आणि दुसऱ्या यादीतली भीती त्याला चिकटवायची, यात अर्थ नाही. रत्नाने ग्रह हलतात यावर माझा स्वतःचा विश्वास नाही, हे सांगून टाकते. पण हे वाक्य सासूबाईंना ऐकवू नका. त्याने वाद जिंकाल, पेंडंट मिळणार नाही.

त्यांना त्यांचीच नथ दाखवा. नथीतला मोती चंद्राचा. लाल खडा असेल तर ते माणिक, म्हणजे सूर्याचं. हिरवा असेल तर पाचू, बुधाचा. एका नथीत तीन-तीन ग्रह नाकावर घेऊन आपल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या मिरवल्या, ती घडवताना कोणी पत्रिका उघडली होती का? तन्मणी, चिंचपेटी, मोत्यांच्या कुड्या, यांतलं काहीही घेताना ‘माझा चंद्र कुठल्या घरात आहे’ असं विचारणारी बाई मला अजून भेटायची आहे. मोती रास बघूनच घालायचा असता तर अर्ध्या महाराष्ट्राची नाकं मोकळी राहिली असती. आणि मुंबईचा तर तो धंदाच होता. इराणच्या आखातात पाणबुड्यांनी काढलेला माल, ज्याला आपण बसऱ्याचे मोती म्हणतो, जहाजांनी मुंबईला यायचा. इथे त्याची प्रतवारी व्हायची, मोत्यांना भोकं पाडायची, सर ओवायचे आणि मग माल युरोपच्या वाटेला लागायचा. 1930 च्या सुमारास मंदीने आणि जपानच्या कल्चर्ड मोत्यांनी त्या व्यापाराचं कंबरडं मोडलं.

सांगायचं ते असं, की दागिन्यातला खडा वेगळा आणि ग्रहाचा खडा वेगळा, हा फरक आपल्या घरांत पहिल्यापासून आहे. ग्रहाचा नीलम घालायचा तर त्याचे नियम असतात. शनिवार लागतो, मधलं बोट लागतं, खडा कातडीला टेकेल अशी खालून उघडी अंगठी लागते, वजन ठरलेलं असतं, वर मंत्रजप. यातलं काहीच न करता कुर्त्यावर लोंबणारं पेंडंट शनीपर्यंत पोचतं कसं, हे गुरुजींनाच विचारा. विधीशिवाय रत्न फळत नाही असं तेच सांगतात, मग ते विधीशिवाय बाधतं तरी कसं? हे चिडवायला नको, खरोखर विचारा. बरेच गुरुजी अशा वेळी ‘दागिना म्हणून घालायला हरकत नाही’ असं म्हणून मोकळे होतात, आणि सासूबाईंना तुमच्यापेक्षा त्यांचा शब्द पटेल. एक सूचना मात्र कराविशी वाटते. लेक बहुधा ब्रिटनच्या राजघराण्यातल्या डायनाच्या साखरपुड्याच्या अंगठीचा दाखला देईल, 1981 चा, बारा कॅरटचा सिलोनी, म्हणजे श्रीलंकेचा, नीलम. तो सासूबाईंसमोर काढू देऊ नका. त्या लग्नाचं पुढे काय झालं हे त्यांनाही माहीत आहे, आणि त्यांना तेवढंच हवं आहे.

एक मधला रस्ताही आहे. नीलम, माणिक आणि बाजारात चालतो तो पुष्कराज ही एकाच खनिजाची भावंडं आहेत. ते खनिज म्हणजे कुरुंद, ॲल्युमिनियमचं ऑक्साइड. त्यात क्रोमियमचा अंश आला की खडा लाल होतो, लोह आणि टायटॅनियम जोडीने आले की निळा, नुसतं लोह असलं की पिवळा. जवाहिऱ्यांच्या भाषेत लाल तेवढा रुबी, बाकी सगळे रंग सफायर. म्हणजे पिवळा सफायर घेतलात तर लेकीचा सप्टेंबरही साधतो आणि सासूबाईंच्या हिशोबी तो गुरूचा पुष्कराज, सगळ्यांत सोज्वळ. फक्त उपवर मुलीला पुष्कराज म्हटला की पाठोपाठ लग्नाचा विषय निघतो, त्याची तयारी ठेवा. आणि पावतीवर ‘यलो सफायर’ असंच लिहून घ्या, कारण पुष्कराजाच्या नावाखाली टोपाझ आणि सिट्रीनही खपवतात, आणि ते दोघं नोव्हेंबरचे. पण हा रस्ता लेकीला विचारूनच. तिच्या मनात निळा भरला असेल तर निळाच घ्या. अठराव्या वाढदिवसाची भेट तिची आहे, घरातल्या तहाची नाही.

आता झवेरी बाजार. दोन सारख्या दिसणाऱ्या खड्यांच्या भावातल्या फरकाची बरीच कारणं असू शकतात. बाजारातले बहुतेक नीलम भट्टीत तापवलेले असतात. त्याने रंग खुलतो, खडा स्वच्छ दिसतो, आणि ती चाल जगभर मान्य आहे. यालाच हीटेड म्हणतात. न तापवता मुळातच सुरेख रंगाचा निघालेला खडा दुर्मीळ, म्हणून अनहीटेडचा भाव कैक पटींनी चढतो. त्यावर खाणीचं नाव चढतं. काश्मीरच्या पाडर भागात 1880 च्या दशकात जे नीलम निघाले त्यांची सर अजून कशाला नाही, पण तिथला चांगला माल काही वर्षांतच संपला. त्यामुळे तुमच्या भिशीच्या पैशात कोणी ‘काश्मिरी’ दाखवायला लागला तर चहा पिऊन बाहेर पडा. तुमच्यासाठी तापवलेला सिलोनी नीलम अगदी योग्य आहे. अनहीटेडच्या मागे लागू नका. तो हट्ट ग्रहासाठी घालणाऱ्यांचा आणि संग्रह करणाऱ्यांचा.

सांभाळायचं ते वेगळ्याच मालापासून. भेगांत निळी काच भरलेले खडे असतात, ते सोनाराच्या दिव्याखाली किंवा लिंबाच्या रसानेही खराब होतात. बाहेरून रंगद्रव्य आत मुरवलेले असतात. आणि प्रयोगशाळेत वाढवलेले असतात, ते रासायनिक दृष्ट्या नीलमच, शंभराहून जास्त वर्षं बाजारात आहेत, पण किमतीने अगदी किरकोळ. तसं सांगून विकत असतील तर त्यात फसवणूक नाही, आणि बजेट कमी असेल तर मी त्यालाही नाक मुरडणार नाही. न सांगता विकले तर मात्र फसवणूक.

खडा बघायचा कसा? दुकानदार पुडी उलगडेल तेव्हा खडा पांढऱ्या कागदावर ठेवायला सांगा आणि दुकानाच्या दारापर्यंत या. भर दुपारी त्या गल्ल्यांतही उंबऱ्यावर पुरेसा उजेड असतो. आतल्या दिव्यांखाली राजबिंडा दिसणारा खडा दिवसाच्या उजेडात काळपट पडला तर तो रोजही तसाच दिसणार. मग वरून सरळ त्याच्या पोटात बघा. मधोमध रंग उडून खालचा कागद आरपार दिसत असेल तर खडा उथळ कापलाय; वरून मोठा दिसावा म्हणून तसं करतात. शेवटी दहापटीचं भिंग मागा, लाजू नका. नैसर्गिक नीलमात रंगाचे पट्टे सरळ किंवा कोनात वळलेले असतात, कधी आत बारीक रेशमी तंतू दिसतात. पट्टे कमानीसारखे वळलेले असले तर खडा भट्टीत वाढवलेला. गोल बुडबुडे दिसले तर काचेचा संशय घ्या. आणि अगदी निर्मळ, डागविरहित, गडद निळा आणि वर स्वस्त, असा खडा असेल तर भिंगाचीही गरज नाही.

हे सगळं तुमच्या समाधानापुरतं. निकाल प्रयोगशाळेचाच घ्यायचा. मुंबईत रत्न तपासून लेखी अहवाल देणाऱ्या नावाजलेल्या संस्था आहेत, जीआयए, आयजीआय आणि जीआयआय. अहवालात खडा नैसर्गिक आहे का, तापवलाय का, दुसरी कुठली प्रक्रिया झाली आहे का, हे स्पष्ट आलं पाहिजे. दुकानाने स्वतःच्या लेटरहेडवर दिलेलं ‘ओरिजिनल’ म्हणजे प्रमाणपत्र नव्हे. सासूबाईंना हा खर्च फालतू वाटला तर वराहमिहिराचं नाव घ्या. सहाव्या शतकातल्या बृहत्संहितेत रत्नांचं प्रकरण तो सुरूच असं करतो, की चांगल्या रत्नाने राजाचं भलं होतं, वाईटाने वाईट, म्हणून रत्न जाणकारांकडून पारखून घ्यावं. आज ते जाणकार प्रयोगशाळेत बसतात.

रतीचं थोडक्यात सांगते. भाव कॅरटमध्ये विचारा. एक कॅरट म्हणजे 200 मिलिग्रॅम, कुठेही जा. रती मुळात गुंजेच्या वजनाची, साधारण 120 मिलिग्रॅम, पण रत्नांच्या दुकानांत 180 च्या आसपासची रतीही चालते. कुठली धरली यावर तुमचा हिशोब कोलमडू शकतो.

सोन्यावर हॉलमार्क आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक, बघा, तो बीआयएस केअर ॲपवर तपासता येतो. 1 एप्रिल 2023 पासून त्याशिवाय दागिना विकता येत नाही. दोन ग्रॅमच्या आतल्या दागिन्याला मात्र सूट आहे, आणि नाजूक पेंडंट त्यात बसू शकतं, म्हणून नसला तर लगेच संशय नको, पण सोन्याच्या शुद्धतेचा कॅरट (खड्याच्या वजनाचा नव्हे) पावतीवर हवाच. आणि हॉलमार्क सोन्याची हमी देतो, खड्याबद्दल तो एक अक्षर बोलत नाही. पावतीवर सोन्याचं निव्वळ वजन, खड्याचं वजन, खड्याची किंमत आणि घडणावळ अशा चार नोंदी वेगळ्या मांडून घ्या. खड्यासकट सगळं वजन सोन्याच्या भावाने लावणारे अजून आहेत. परत घेताना खड्याचे किती धरणार तेही आधीच विचारा. उत्तर ऐकून दचकाल. रंगीत खडे गुंतवणूक म्हणून घ्यायचेच नसतात, आणि या एका बाबतीत तुमच्या ह्यांचं नाणं शहाणपणाचं आहे. पण अठरा वर्षांच्या मुलीला नाणं दिलं तर ते तुमच्याच लॉकरमध्ये जाऊन पडणार.

पोवळ्याला नाही म्हणू नका. आजीला नातीला ते द्यायचंच असेल तर त्यांच्या पैशाने, त्यांच्या हाताने देऊ द्या. लेकीला तेवढं सांगून ठेवा की पोवळं मऊ असतं, घाम, परफ्यूम आणि आंबट पदार्थ त्याला सोसत नाहीत, त्यामुळे रोज घालायची सक्ती कोणी करू नये. नीलमाचं तसं नाही. कठीणपणात तो नऊवर, त्याच्या वर हिराच. म्हणून मुलुंड–माटुंगा लोकलच्या धक्काबुक्कीत रोज जाणाऱ्या मुलीला तो चांगला. फक्त खड्याच्या कडा पूर्ण झाकणारं कोंदण करून घ्या, मागून उघडं ठेवा म्हणजे उजेड खेळतो. नुसत्या काट्यांवर पकडलेला खडा ओढणीत अडकतो. साखळी कॉलरच्या आत जाईल एवढ्या लांबीची.

आणि हे सगळं ऑगस्टमध्ये उरका. गणपतीनंतर कारागीर दसरा-दिवाळीच्या ऑर्डरींत बुडून जातात, आणि सप्टेंबरात बहुतेक वर्षी पितृपक्ष येतो. पितृपक्षात सोनं घरात आणायचं की नाही, यावर सासूबाईंशी वाद घातलात तर मला पत्र पाठवू नका.